आकडा वाचण्याआधी त्याच्या खालचा छेद बघा: जीडीपी, एचडीआय, बालमृत्यू दर आणि बाकीचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, त्याने विचारलंय की सर, एकीकडे भारत जगातली चौथी-पाचवी मोठी अर्थव्यवस्था म्हणतात आणि दुसरीकडे मानव विकास निर्देशांकात (एचडीआय) आपला नंबर १३०वा, महाराष्ट्र श्रीमंत राज्य आणि कुपोषणाच्या बातम्याही महाराष्ट्रातल्याच, सगळ्या व्याख्या पाठ आहेत पण यातला खरा आकडा कुठला मानायचा?

प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षं घरोघरचे सर्व्हे आणि जिल्हा पातळीवरचा डेटा याच कामात आहे, त्यातली बरीच वर्षं सातपुड्यात गेली. आधीच सांगतो, यातले जवळपास सगळेच आकडे खरे आहेत. ते एकमेकांशी भांडतायत असं वाटतं कारण प्रत्येकाच्या खाली वेगळी माणसं उभी आहेत. शाळेत अपूर्णांक शिकलो ना, वर अंश आणि खाली छेद, तसंच हे आहे. आपण सगळे अंशाकडे बघतो. मी नव्या मुलांना सर्व्हेचं ट्रेनिंग देतो तेव्हा पहिल्या दिवशी एवढंच घोटून घेतो की कुठलाही आकडा समोर आला की आधी छेद कुठला ते विचारायचं, भागिले किती आणि कोण, आणि कोण राहिलं.

जीडीपीपासून सुरू करू. जीडीपीला छेदच नसतो. देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या अंतिम वस्तू-सेवांचं एकूण मोल, बस. १४० कोटींच्या वर माणसं असलेल्या देशाची बेरीज मोठी येणारच, म्हणून चौथा-पाचवा नंबर. २०२४-२५ चा अंदाज मे २०२५ मध्ये आला तेव्हा चालू किमतींना जीडीपी साधारण ३३१ लाख कोटी रुपये होता, वाढ ९.८ टक्के, आणि स्थिर किमतींना वाढ ६.५ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच दिवशी आले आणि दोन्ही बरोबर आहेत, पहिल्यात महागाईचा फुगवटा आहे, दुसऱ्यात तो काढून टाकलाय. बातमीत "वाढ" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दुसरा आकडा असतो.

आता याला लोकसंख्येने भागा, माणशी वर्षाला साधारण २ लाख ३५ हजार येतात. पाच माणसांचं घर धरलं तर पावणेबारा लाख. हे मी कुठल्याही गावात सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, कारण गावात वर्षाला पावणेबारा लाख येणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. आकडा खोटा नाहीये. जीडीपी म्हणजे घरात आलेला पैसा नव्हे, त्यात कंपन्यांचा नफा आहे, यंत्रांची झीज भरून काढायला लागणारा पैसा आहे, सरकारकडे गेलेला कर आहे. आणि सरासरी ही सरासरी असते, वरच्या थोड्या घरांत खूप असलं की ती वर ओढली जाते. दरडोई जीडीपी आणि "माणसाच्या हातात किती पडतं" या दोन गोष्टी वेगळ्या, एवढं पक्कं लक्षात ठेवा, परीक्षेत पण आणि बाहेर पण.

गंमत बघा, ज्या सायमन कुझ्नेट्सने १९३४ साली अमेरिकेच्या संसदेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला सविस्तर हिशेब मांडला, त्यानेच त्या अहवालात बजावून ठेवलं होतं की यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. मोजपट्टी बनवणाऱ्यानेच ती कशासाठी नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आपण ते ऐकलं नाही.

जिल्ह्यावर आलो की हे अजून अवघड होतं. चंद्रपूर घ्या. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, यांचं सगळं मोल जिल्ह्याच्या उत्पन्नात धरलं जातं आणि जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं जातं. पण वीज जाते राज्यभर, नफा जातो जिल्ह्याबाहेर, राख आणि धूळ मात्र तिथेच राहते आणि त्याची वजाबाकी या हिशेबात होत नाही. म्हणून जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न बघताना हे उत्पन्न तिथे तयार झालं की तिथल्या माणसांना मिळालं हे विचारायचं. देशपातळीवर हाच फरक जीडीपी, म्हणजे देशात तयार झालेलं, आणि जीएनआय, म्हणजे देशातल्या माणसांना मिळालेलं, यांच्यात असतो. आयर्लंडचं उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे, २०१५ साली त्यांचा जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या वर वाढला, कारण काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली. आयरिश माणूस एका वर्षात सव्वापट श्रीमंत झाला नव्हता, मग त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला सुधारित जीएनआय म्हणून वेगळा आकडा काढायला लागला.

एचडीआय मात्र नीट समजून घ्या, कारण यावर लोक पाठ केलेलं बोलतात, पण कागद-पेन घेऊन एकदाही काढून बघत नाहीत. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला, त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते आणि सोबत अमर्त्य सेन. त्याच्याही आधी १९७९ मध्ये मॉरिस डेव्हिड मॉरिसने जीवनमानाच्या भौतिक गुणवत्तेचा निर्देशांक काढला होता, साक्षरता, बालमृत्यू आणि वयाच्या पहिल्या वर्षापासूनचं आयुर्मान असे तीन घटक घेऊन, त्यात पैसा अजिबात नव्हता. एचडीआयमध्ये तीन गोष्टी आहेत: आयुष्य, शिक्षण, उत्पन्न.

२०२५ च्या अहवालातले भारताचे आकडे घेऊन आपणच काढू, दहा मिनिटांचं काम आहे. ते आकडे २०२३ सालचे आहेत. जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं. यासाठी किमान २० आणि कमाल ८५ अशा खुंट्या ठरवल्यात, म्हणून ७२ वजा २० म्हणजे ५२, भागिले ६५, आले ०.८०. शिक्षणात दोन भाग. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला, सध्याचंच चित्र राहिलं तर किती वर्षं शिक्षण मिळेल, तर १३ वर्षं, भागिले १८, आले ०.७२. आणि २५ च्या वरच्या माणसांनी सरासरी किती वर्षं शाळा केली, तर ६.९ वर्षं, भागिले १५, आले ०.४६. दोघांची सरासरी ०.५९. उत्पन्नाला दरडोई जीएनआय, ९,०४७ डॉलर, क्रयशक्ती समानतेचे (म्हणजे बाजारातल्या विनिमय दराने नाही, तर त्या पैशात काय विकत मिळतं त्यावरून काढलेले), किमान १०० आणि कमाल ७५,०००, पण इथे लॉगॅरिदम घेतात, कारण शंभरचे दोनशे होणं आणि सत्तर हजारचे सत्तर हजार शंभर होणं हे माणसाच्या आयुष्यात सारखं नसतं. ते येतं ०.६८. आता तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा, ०.६८५. अहवालात छापलेला आकडा हाच.

हे एकदा हाताने केलं की कुठे दुखतंय ते दिसतं. आयुष्यात आपण बरे आहोत, ०.८०. अडकलोय कुठे, तर ०.४६ मध्ये. ते २५ च्या वरचं सरासरी शिक्षण. त्यात माझी आजी पण आहे जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही. आज गावात उत्तम शाळा काढली तर तो परिणाम या आकड्यात यायला वीसेक वर्षं लागतात, कारण ती मुलं २५ ची झाल्यावरच या छेदात येतात. म्हणून एखादं सरकार एचडीआय दोन वर्षांत वाढवून दाखवतो म्हणालं तर शिक्षणाचा भाग विचारा. आणि नंबर बघू नका, किंमत बघा. नंबर दुसरे देश काय करतात त्यावरही हलतो. १९९० मध्ये भारताची किंमत ०.४४६ होती, ती ०.६८५ झाली, ही आपली स्वतःची वाढ. ०.७०० ला उच्च गट सुरू होतो, आपण अजून मध्यम गटात.

२०१० मध्ये यात एक मोठा बदल केला. आधी तिन्ही घटकांची साधी सरासरी घ्यायचे, म्हणजे शिक्षणात नापास झालात तरी पैशाने भरून काढता यायचं. आता गुणाकार आहे, त्यामुळे एक पाय लंगडा असला की सगळाच आकडा खाली येतो. मला हा बदल मनापासून पटतो. त्याच वेळी विषमता वजा करून काढलेला एचडीआय पण सुरू केला, आणि त्यात आपले ०.६८५ घसरून ०.४७५ वर येतात, सुमारे ३०.७ टक्के कपात. देशातली मोठी विषमता या एका वजाबाकीत दिसते, तरी वर्तमानपत्रात पहिला आकडा येतो, हा येत नाही.

आणि एक इशारा. महाराष्ट्राचा २०१२ चा मानव विकास अहवाल आहे, त्यात राज्याचा एचडीआय ०.७५२ आणि नंदुरबार ०.६०४, गडचिरोली ०.६०८, मुंबई ०.८४१. हे आकडे घेऊन लोक "महाराष्ट्र अमुक देशाच्या पुढे" असं लिहितात. नका लिहू. राज्याच्या अहवालात घटक आणि खुंट्या वेगळ्या घेतल्यात, त्यामुळे तो फक्त महाराष्ट्रातले जिल्हे एकमेकांशी ताडायला वापरायचा.

जिल्ह्याची सरासरी काय लपवते हे बघायचं असेल तर जुना ठाणे जिल्हा बघा. त्या अहवालात ठाणे वरच्या जिल्ह्यांत आहे. त्याच ठाण्यात तेव्हा जव्हार आणि मोखाडा होते, जिथल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने पोरं गेली आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदर इकडची लाखो माणसं छेदात आली की जव्हारचं दुःख त्यात विरून जातं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला तेव्हा कुठे ते वेगळं दिसायला लागलं. नंदुरबारचं पण तसंच, १९९८ पर्यंत ते धुळ्यात होतं.

आता ज्या आकड्यावर माझी सगळ्यात जास्त वर्षं गेली त्याबद्दल. अर्भक मृत्यू दर. दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत गेलेली बाळं. महाराष्ट्रासाठी नमुना नोंदणी पद्धतीचा २०२० चा आकडा १६, देशाचा २८. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा २३. मुलं विचारतात, सर १६ की २३? पहिल्या पद्धतीत ठरलेल्या गावांत-वस्त्यांत सतत नोंद घेणारा माणूस असतो आणि तो त्या वर्षाचा आकडा असतो, दुसऱ्यात बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारतात आणि मागच्या पाच वर्षांचा मिळून दर काढतात, नमुनाही वेगळा. म्हणजे दोन वेगळे काळ, दोन वेगळ्या पद्धती. चूक होते ती एका पद्धतीचा जुना आकडा घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या नव्या आकड्याशी तुलना करण्यात, आणि ही चूक मी छापील भाषणांत सुद्धा पाहिलीय.

पण खरी अडचण आत असते. नंदुरबारमधल्या धडगावच्या एका पाड्यावर मी सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला विचारलं, मुलं किती? तिने सांगितलं चार. मी चार लिहून पुढे निघालो, तर सोबतची कार्यकर्ती, जी तिथलीच होती, तिने मला थांबवलं आणि परत पहिल्यापासून विचारायला लावलं, लग्नानंतर पहिलं बाळंतपण कधी, ते मूल आता कुठे आहे, मग दुसरं. तिसऱ्या नंबरला ती बाई थांबली. मग म्हणाली एक होतं, पण नाव ठेवायच्या आधीच गेलं. ती काही लपवत नव्हती, "मुलं किती" असं विचारल्यावर कुठलीही आई असलेली मुलं मोजते. त्या बाळाचा ना जन्म नोंदला होता ना मृत्यू. म्हणजे कागदावर अंशातूनही ते गेलं आणि छेदातूनही, आणि दर मात्र चांगला दिसायला लागला. त्या दिवसापासून मी "मुलं किती" हा प्रश्न कधीच सुटा विचारलेला नाही, कायम एकेका बाळंतपणाने पुढे जातो, वेळ लागतो पण दुसरा मार्ग नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच काम फार खोलात केलं. आधी गावागावात जन्म-मृत्यू नीट मोजले, मग बाळं कधी आणि कशाने जातात ते पाहिलं आणि गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू साठ टक्क्यांच्या आसपास खाली आले, ते १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभर आशांकडून जी घरभेटींची पद्धत आली तिचं मूळ तिथे आहे. आणि यात आकडा कसा उपयोगी पडतो ते बघा. अर्भक मृत्यू दर २३ म्हटलं तर काय करायचं कळत नाही. पण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा नवजात मृत्यू दर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतला, साडेसोळाच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या दहा बाळांपैकी सात पहिल्या महिन्यातच जातात. हे कळलं की पैसा कुठे लावायचा ते कळतं: बाळंतपण, कमी वजनाची बाळं, पहिला आठवडा.

माता मृत्यू प्रमाणाचा छेद मात्र १ लाख जिवंत जन्म, हजार नाही. २०१८-२० चे आकडे भारत ९७, महाराष्ट्र ३३, केरळ १९. बालमृत्यूच्या शेजारी ठेवून लोक "मातामृत्यू बालमृत्यूपेक्षा जास्त" म्हणतात, ते चूक.

आयुर्मानाबद्दल एकच सांगतो. ७२ म्हणजे सत्तरीच्या माणसाची दोनच वर्षं उरली असं नाही. हा जन्मावेळचा आकडा आहे, त्यात लहानपणी गेलेली बाळंही धरलीत. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, तेव्हाही गावात सत्तरीची म्हातारी माणसं होतीच. पोरं जगायला लागली म्हणून सरासरी चढली.

आता लिंग गुणोत्तर, कारण छेद काय करतो हे दाखवायला याच्यासारखं उदाहरण नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. महाराष्ट्रात सगळ्यात वर. कोकणातल्या कुणालाही विचारा याचा अर्थ काय, तो लगेच सांगेल की आमचे चाकरमानी मुंबईत आहेत. मुंबई शहराचं गुणोत्तर बघा, ८३२. रत्नागिरीच्या छेदातले पुरुष मुंबईच्या छेदात जाऊन बसलेत, एकाचा आकडा फुगला आणि दुसऱ्याचा पडला. बायकांची स्थिती यातून काहीच कळत नाही. ती कळायला ० ते ६ वयाचं गुणोत्तर बघायचं, कारण तान्ही पोरं नोकरीसाठी मुंबईला जात नाहीत. आणि तिथे बीड जिल्हा २००१ मध्ये ८९४ होता तो २०११ मध्ये ८०७ वर आला. दहा वर्षांत हजारामागे ८७ मुली कमी. हा आकडा मी जेव्हा जेव्हा फळ्यावर लिहितो तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही.

साक्षरतेचा छेद ७ वर्षं आणि वरचे. महाराष्ट्र २०११ मध्ये ८२.३४ टक्के. कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का, एवढाच निकष, आणि तेही घरच्या माणसाने सांगितलेलं, कुणी वाचून घेत नाही. प्रथम या संस्थेच्या असर सर्वेक्षणात मुलासमोर कागद धरून वाचून घेतात, २०२४ ला देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शाळेतली वर्षं आणि शिकणं यातला फरक इथे आहे, आणि एचडीआयमध्ये वर्षं मोजतात, शिकणं नाही.

बेरोजगारी दराने सगळेच गोंधळतात. २०२३-२४ ला १५ च्या वरच्यांमध्ये ३.२ टक्के. एवढा कमी? छेद बघा: एकूण लोक नाहीत, फक्त काम करणारे आणि काम शोधणारे. जी बाई घरात आहे आणि शोधत नाही ती छेदातच नाही. जो पदवीधर बापाच्या दोन एकरांत हात लावतोय तो कामगार. गरीब माणसाला बेकार बसणं परवडत नाही म्हणून दर कमी राहतो. याच्या जोडीला स्त्रियांचा श्रम सहभाग दर, म्हणजे शंभरातल्या किती बायका काम करतात किंवा शोधतात, तो बघा, २०१७-१८ मध्ये २३.३ होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. मोठी उडी, पण त्यातली बरीच वाढ गावाकडच्या स्वयंरोजगारात आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्यांत आहे. त्या बायका आधीही राबतच होत्या, मला तर ही वाढ थोडी आपल्या मोजण्यातली सुधारणा पण वाटते.

गरिबीच्या रेषेबद्दल महाराष्ट्राने मोठं काम केलंय. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांचं अन्न मिळायला किती खर्च लागतो यावरून गरिबी मोजली. सुरेश तेंडुलकरांच्या समितीची पद्धत नंतर आली, २०११-१२ साठी ती रेषा गावात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये, म्हणजे दिवसाला २७ आणि ३३, त्यावरून किती गदारोळ झाला ते आठवत असेल. जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला ३ डॉलर आहे, आणि इथे सगळे एक चूक करतात, ३ गुणिले ८५ करून अडीचशे रुपये म्हणतात. हे क्रयशक्ती समानतेचे डॉलर आहेत, २०२१ च्या किमतींचे, त्याचा भाव आपल्याकडे २० रुपयांच्या आसपास पडतो. म्हणजे साधारण ६० रुपये. पाच माणसांच्या घराला महिन्याला नऊ हजार. त्या रेषेखाली २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक. हे कळल्यावर "गरिबी संपली" या वाक्याचं वजन तुम्हीच ठरवा.

बहुआयामी गरिबी निर्देशांक मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो कारण तो घरात काय नाही ते विचारतो: पोषण, शाळा, संडास, पाणी, वीज, स्वयंपाकाचं इंधन, घर, वगैरे. नीती आयोगाने जागतिक दहा घटकांत मातेचं आरोग्य आणि बँक खातं घालून बारा केले. एक तृतीयांश वजनाइतका अभाव असला की घर गरीब. देशाचा आकडा २०१५-१६ ला २४.८५ टक्के होता तो २०१९-२१ ला १४.९६ झाला, महाराष्ट्राचा १४.८० वरून ७.८१. सुधारणा खरी आहे, संडास, वीज, गॅस, खाती यात खूप काम झालंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण यातल्या बऱ्याच गोष्टी सरकारी योजनेतून एकदा दिल्या की मिळतात. पोषण तसं मिळत नाही, ते रोज मिळायला लागतं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. देशाची सरासरी ३५.५. उत्पन्नात महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या बराच वर, आणि मुलांच्या उंचीत बरोबर सरासरीवर. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, श्रीमंत राज्य आणि कुपोषण, त्याचं उत्तर या एका जोडीत आहे.

जिनी या विषमता मोजणाऱ्या आकड्याबद्दल २०२५ च्या जुलैत खूप फिरलं की भारत जगात चौथा सगळ्यात समान देश. जिनी ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १०० म्हणजे सगळं एकाकडे. जागतिक बँकेचा आपला आकडा २५.५, पण तो खर्चावरचा आहे. श्रीमंत माणूस कितीही श्रीमंत झाला तरी पोळ्या तेवढ्याच खातो, उरलेलं साठवतो, शिवाय सगळ्यात श्रीमंत घरं सर्व्हेवाल्याला दारात उभं करत नाहीत. बऱ्याच देशांचे आकडे उत्पन्नावरचे असतात, त्यांच्याशी हा ताडायचाच नाही. जागतिक बँकेच्या ज्या टिपणात हा २५.५ आहे त्यातच उत्पन्नावरचा जिनी २०२३ ला ६२ दिलाय, जागतिक विषमता डेटाबेसवरून.

शेवटची एक व्यावहारिक गोष्ट, कारण अभ्यास करताना लागेल. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ला आहे. म्हणजे आज तुम्हाला दिसणारे जिल्ह्याचे, तालुक्याचे बहुतेक दर २०११ च्या मोजणीवरून पुढे ढकललेल्या अंदाजी लोकसंख्येने भागलेले आहेत. हवेली, वसई, पनवेल अशा झपाट्याने वाढलेल्या तालुक्यांत अंदाज खरी माणसं कमी धरत असेल तर दरडोई आकडे चढे दिसतील, आणि उसतोडीला माणसं बाहेर जाणाऱ्या तालुक्यांत कोण कुठे मोजलं जाणार हा प्रश्न दर वेळी राहतो, म्हणून मोजणी कुठल्या महिन्यात झाली ते पण बघत जा. जिल्ह्याचे आकडे हवे असतील तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन घ्या, राज्यासाठी बजेटच्या आधी येणारी आर्थिक पाहणी, आणि आरोग्यासाठी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्ह्याचं दोन-चार पानी पत्रक. तिन्हींत तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टीप असते, छेद बहुतेक तिथेच लिहिलेला असतो. तुमचा स्वतःचा जिल्हा घेऊन सुरुवात करा आणि कुठे अडलं तर तक्ता क्रमांकासकट विचारा, मी बघून सांगतो.